पान एकसष्टनंतर उलटं

३ तारीख, सोमवार

नाही, आधी माझं ऐका. पुस्तकं फेकायची कल्पना माझी नाही. वाचनालय दोन मजल्यांवरून एका मजल्यावर येतंय, याच महिनाअखेर, आणि खालच्या मजल्यात सगळी पुस्तकं मावत नाहीत. एवढीच गोष्ट. मी खाटीक नाही, मी नुसता बकऱ्यांचे दात बघणारा. हा फरक तुम्हाला पटत नसेल तर वही मिटा. दुसऱ्याची वही उघडणाऱ्याने वर तोंड करून बोलू नये.

कामाची पद्धत अशी. जे पुस्तक तीन वर्षांत कोणी नेलं नाही, ते काढा. जी प्रत सदोष आहे, म्हणजे पानं गहाळ, वाळवी, छपाईची चूक, तीही काढा, मग ती कितीही लोकांनी नेलेली असो. यातून उरलेली, ज्यांच्याबद्दल शंका आहे अशी दोनशे पुस्तकं माझ्या टेबलावर. मी वाचायचं, आणि चिठ्ठीवर ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ लिहून खाली तीन ओळींचं मत द्यायचं. टेबल माळ्यावर, खिडकीपाशी. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली कोणीतरी शब्दकोशाचा तिसरा खंड ठेवलाय.

ग्रंथपाल बाई मला ‘लेखक’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, ते कळत नाही.

“लेखक, सगळी वाचायची हं. चाळायची नाहीत.”

“दोनशे? एका महिन्यात?”

“बरं, निदान शेवट तरी वाचा. बिचाऱ्यांनी तेवढ्यासाठी तर सगळा खटाटोप केलेला असतो.”

आज दोन झाली. पहिलं, एका निवृत्त न्यायाधीशाचं आत्मचरित्र, चारशे बारा पानं. स्वतःच्या प्रत्येक निकालाची तारीख पाठ आहे. बायको दोन वाक्यांत येते आणि दुसऱ्या वाक्यात मरते. काढा. मत: ज्या माणसाने आयुष्यभर दोन्ही बाजू ऐकल्या, त्याने पुस्तकात एकच ऐकवलीय.

दुसरं, मधमाश्या पाळायच्या कशा. ठेवा, ठेवा, ठेवा. काय गद्य आहे! ‘पेटीजवळ जाताना घाई करू नये. त्यांना घाई कळते.’ मी आयुष्यात असं एक वाक्य लिहिलेलं नाही. मान अवघडली. एवढंच आज.

४ तारीख, मंगळवार

भुताच्या गोष्टी. तेरा भुतं, तेराही विहिरीतून येतात. लेखकाच्या घरी नळ होता की नाही? काढा.

एका बाईंचं प्रवासवर्णन. सात देश, सातही ठिकाणी चहा गार मिळाला. पण एका धर्मशाळेत शेजारच्या खाटेवरची म्हातारी तिला रात्रभर ‘झोप गं’ म्हणत राहते, ते दीड पान अप्रतिम आहे. दीड पानासाठी ठेवा.

मग एक जाड खुनाची कादंबरी, हिरवा पुठ्ठा. ही मी पंधराव्या वर्षी वाचलीय, याच वाचनालयातून नेऊन. खुनी कोण ते आठवत नाही. शेवटची चौदा पानं राहिली होती एवढं आठवतं. आता उघडली नाही. मागची तारखांची चिठ्ठीही बघितली नाही. काढा. मत: काही नाही. प्रत्येक पुस्तकाबद्दल मत असलंच पाहिजे असं थोडंच आहे.

५ तारीख, बुधवार

ढिगात माझं पुस्तक निघालं.

आता हसू नका. चार वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. एकशे अठरा पानं. दोन परीक्षणं आली. एकाने ‘धाडसी’ म्हटलं, दुसऱ्याने ‘धाडसीच म्हणायचं’ म्हटलं. उरलेल्या प्रती प्रकाशकाने रद्दीत घातल्या, आणि ते मला त्यांच्या शिपायाकडून कळलं. एक प्रत माझ्या कुलपाच्या खणात आहे. घरात कोणाला दिली नाही. बाबांना देऊन उपयोग नव्हता. बाबा टेलर, चौथी पास, चाळीस वर्षांत मापाच्या वहीखेरीज काही वाचलेलं नाही. पेपर येतो तो कापड बेतायला. आणि पुस्तकात एक टेलर आहे, तेव्हा उपयोग नव्हता हे बरंच झालं.

पुस्तकाची रचना सांगतो, कारण तुम्ही ते वाचलेलं नाही. त्याला दोन बाजू आहेत. समोरून पहिला भाग, एकसष्ट पानं, मुलगा सांगतो. मग पुस्तक उलटं करायचं, खालचं वर, आणि मागच्या मुखपृष्ठापासून दुसरा भाग, सत्तावन्न पानं. दोन्ही भाग मधे एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून संपतात. मुलाखतीत मी म्हणालो होतो की स्मृती सरळ चालत नाही. छान वाटलं होतं म्हणताना.

वाचनालयाच्या प्रतीवर मात्र तपकिरी पुठ्ठा आहे, दोन्ही बाजूंनी सारखाच. बाइंडरने माझी दोन्ही मुखपृष्ठं काढून टाकलीत. म्हणजे मागून सुरुवात आहे हे कोणाला कळणारच नाही. पण मी मागची चिठ्ठी बघितली आणि रागवायचं राहूनच गेलं.

बेचाळीस शिक्के!

सगळे एकाच सभासदाचे. कार्ड नंबर ८८. सगळे गुरुवार. आधी एकतीस आठवडे सलग, मग महिन्यातून एकदा, दर पहिल्या गुरुवारी. पानांत खुणेला दोऱ्याचे तुकडे: पांढरा, खाकी, गडद निळा. पान एकसष्टवर तर गुंताच. शिवणकाम करणारी बाई असणार. मी तिला डोळ्यांपुढे आणली: एकटी, पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दुपारी मशीन थांबवून माझी दोन पानं वाचते.

चार वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी कोणाला तरी लिहिलंय.

६ तारीख, गुरुवार

आज महिन्यातला पहिला गुरुवार. माळ्यावरून देवघेवीचं काउंटर दिसतं. सकाळपासून पुस्तक उघडून बसलो आणि प्रत्येक बाईकडे बघत राहिलो. पाचला बाई म्हणाल्या, “लेखक, मान मोडेल.”

“८८ नंबरचं कार्ड कोणाचं?”

“सभासदांची नावं सांगायची नाहीत, नियम आहे.”

“पण माझी वाचक आहे ती!”

“असेल,” बाई म्हणाल्या आणि शिक्क्याची शाई बदलत बसल्या.

आली नाही. बेचाळीस गुरुवार आली आणि मी इथे बसायला लागल्यावर नेमकी नाही. माझ्या नशिबाची ही जुनी खोड आहे.

घरी आलो तर बाबा मशीनला तेल देत होते. गुरुवारी दुकान बंद असतं. एरवी दुपारचे कुठेतरी फिरायला जातात, आज घरीच. तेल जमिनीवर सांडलेलं. “गेला नाहीत आज?” विचारलं. “पाय दुखत होता,” म्हणाले. पाय दुखणारा माणूस पायमशीनवर बसून पायडल मारत होता. असो.

१० तारीख, सोमवार

कवितासंग्रह, लेखकाने स्वतः भेट दिलेला, पानंही कापलेली नाहीत. वीस वर्षांत एका माणसाने सुरी लावली नाही. मी लावली. बारावी कविता चांगली आहे. बारावीपर्यंत कोण पोचणार? ठेवा, मी पोचलो म्हणून.

यशस्वी कसं व्हावं. पहाटे उठावं. काढा.

दुपारी चिटणीस आले, समितीचे. हातात यादी. सदोष प्रतींची. त्यात चौथ्या नंबरावर माझी कादंबरी.

“ही कशी काय सदोष?”

“तक्रार आहे ना. अकरा वेळा.” त्यांनी वाचून दाखवलं: “‘पान एकसष्टनंतर पुस्तक उलटं. चांगली प्रत मिळावी. कार्ड ८८.’ प्रत्येक महिन्याला तेच.”

मी यादीत डोकं घातलं.

“अहो, ती चूक नाही. ते तसंच आहे. ती रचना आहे.”

“उलटं छापलंय ना?”

“हो, पण मुद्दाम.”

“मुद्दाम असो की चुकून, वाचणाऱ्याची मान तेवढीच दुखते. सदोष.” आणि बरोबरची खूण केली.

म्हणजे माझा एकुलता एक वाचक, बेचाळीस गुरुवार, अर्ध्या पुस्तकावर अडून बसलाय आणि दुसरा अर्धा बदलून मागतोय! पुस्तक फिरवावं एवढी अक्कल नाही. दोन पानांमागे एक आठवडा लावणाऱ्याकडून काय अपेक्षा करायची म्हणा. मी पन्नाशीच्या त्या बाईचा चष्मा काढून घेतला. डोळ्यांपुढून घालवून दिली तिला.

आणि ज्याने माझं पुस्तक जगवलं, त्याच्याच तक्रारीने ते मरणार. हे कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर मी ‘काढा’ म्हटलं असतं.

११ तारीख, मंगळवार

बाइंडर तळमजल्यावर जिन्याखाली बसतो. आपादमस्तक खळ. त्याच्याशी भांडायला गेलो.

“माझी दोन मुखपृष्ठं कुठे गेली?”

“दोन होती होय? मला वाटलं छापखान्याने एक जादा लावलं.” त्याने पुस्तक हातात घेऊन, वाकवून, नाकाशी धरून बघितलं. “त्या वेळीच म्हणालो होतो, अर्धा माल उलटा लागलाय. उसवून सरळ करून देऊ का?”

“हात लावायचा नाही.”

“बरं बाबा. पण मला सांगा, उलटं केलं कशाला? मजा म्हणून?”

मी त्याला स्मृतीचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, “तसं होय. मला वाटलं लपवायचं असेल काही. लोक पाकिटात चिठ्ठी उलटी घालतात ना, उजेडात वाचता येऊ नये म्हणून.”

खळ लावणाऱ्याशी वाद घालू नये. हाताला चिकटतो.

१३ तारीख, गुरुवार

एक प्रेमकथा. इतकी वाचलेली की पानं कापडासारखी मऊ झालीत. नायिका दोनशे पानं खिडकीत उभी आहे, तिचे पाय कसे दुखत नाहीत? तरी ठेवा. हिला ‘काढा’ म्हटलं तर गावातल्या निम्म्या बायका माझ्या घरावर चाल करून येतील.

जेवताना बाबा अचानक म्हणाले, “तुमच्या तिथे बाइंडर आहे ना? हात कसा आहे त्याचा?”

“बरा आहे. का?”

“काही नाही. उसवलेलं नीट शिवतो का?”

“मापाची वही बांधून घ्यायचीय का? द्या, नेतो.”

“नको नको,” म्हणाले. मग बराच वेळ ताटातला घास बोटांनी गोल करत राहिले. “पुस्तकं काढताय म्हणे. सगळी?”

“सदोष आणि पडून राहिलेली.”

“सदोष म्हणजे फेकणार? दुरुस्त नाही करणार?”

“बाबा, पुस्तक म्हणजे विजार नाही. बाही लहान झाली, सोडून दिली, असं होत नाही.”

“विजारीला बाही नसते,” बाबा म्हणाले आणि उठले.

आमच्यात चार वर्षांतलं हे सगळ्यात लांबलचक संभाषण. मला कंटाळा आला, असं लिहिणार होतो. पण खरं तर झोप लागली नाही.

१९ तारीख, बुधवार

पाच दिवस लिहिलं नाही. वाचत होतो. एकशे छत्तीस पुस्तकं झाली. परग्रहावरच्या माणसांची एक कादंबरी: सहा हात आहेत आणि सहाही हातांनी भाषणं करतात. काढा. घरगुती हिशोबनीस व्हा: काढा. पोहायला शिका: ठेवा, कारण एका वाचकाने समासात लिहिलंय, ‘आज आठ हात गेलो.’

मग दुपारी.

चिटणिसांना यादीबरोबर तक्रारींच्या मूळ चिठ्ठ्या जोडून हव्यात. आत्तापर्यंत मी फक्त त्यांनी उतरवून घेतलेलं बघितलं होतं. बाईंनी खोकं माझ्यापुढे ठेवलं आणि कधी नव्हे ते लगेच खाली निघून गेल्या.

अकरा चिठ्ठ्या. ‘पान ६१ नंतर पुस्तक उलटं. चांगली प्रत मिळावी. ८८.’

अक्षरं पहिलीतल्या मुलाची. मोठी, वाकडी, ओळ सोडून खाली घसरणारी. ‘चांगली’ एका चिठ्ठीत तीनदा खोडून लिहिलंय. पण आकडे! आकडे मुरलेले. सहाचं पोट कात्रीने कापल्यासारखं. आठ खालून वर एका झटक्यात. हे आठ मी जन्मापासून बघतोय. छाती ३८. उंची २८. आमच्या घरातल्या प्रत्येक कापडाला टाचणीने लावलेले असतात.

मी उठलो, काढलेल्या पुस्तकांच्या ढिगात गेलो, खुनाची कादंबरी शोधली, हिरवा पुठ्ठा, आणि मागची चिठ्ठी बघितली. चौदा वर्षांपूर्वीचा शिक्का. कार्ड ८८. ज्या आठवड्यात आई गेली, तो आठवडा.

आईचं कार्ड. नंबर कोण लक्षात ठेवतं?

खाली आलो. “बाई, तुम्हाला माहीत होतं.”

“नियम आहे,” बाई म्हणाल्या. मग पेन खाली ठेवलं. “मी त्यांना सांगितलं होतं, अहो हे पुस्तक असंच असतं. ते म्हणाले, ‘असं मुद्दाम कोण शिवेल?’”

२० तारीख, गुरुवार

सुट्टी टाकली. ताईकडे गेलो. ताई चार गल्ल्या सोडून राहते. कपडे वाळत घालत होती.

“बाबा वाचतात?”

“तुला आत्ता कळतंय?” चिमटा तोंडात धरूनच बोलली. “अडीच वर्षं झाली. आधी वर्षभर माझ्या धाकटीच्या पुस्तकांवर हात बसवला. ससा, कासव, सगळं. मग तुझं घेतलं. दर गुरुवारी इथे येऊन बसायचे, त्या खिडकीत. एका बैठकीत दोन पानं. पुस्तकही इथेच असायचं, तुला दिसू नये म्हणून.”

“माझ्याकडे मागायचं ना.”

“तू दिलंस का कधी? पहिल्यांदा मलाच लायब्ररीतून आणावं लागलं, आईच्या कार्डावर.”

“एकसष्टपर्यंत वाचलं?”

“वाचलं.”

एकसष्टवर काय आहे ते मला पाठ आहे. आई हॉस्पिटलात आहे आणि टेलर दुकानात युनिफॉर्म शिवतोय, शाळा उघडायच्यात म्हणून. शेवटची ओळ: ‘ती गेल्यावर तो आला, आणि तेव्हाही त्याच्या हातात कात्रीच होती.’ परीक्षणात ही ओळ उद्धृत झाली होती.

“मग काय म्हणाले?”

ताईने चिमटा तोंडातून काढला. “पानात दोरा ठेवला. मग म्हणाले, पुढची पानं चुकीची लागलीत. मी म्हटलं, बाबा, संपलं असेल. तर म्हणाले, नाही गं. पोरगं एवढ्यावर थांबायचं नाही. पुढे काहीतरी असणार.”

“पुस्तक फिरवून बघायचं.”

“बघितलं की. फिरवल्यावर शेवटचं पान समोर आलं. म्हणाले, शेवट आधी वाचायचा नसतो, लिहिणाऱ्याचे कष्ट असतात. मिटून ठेवलं. तेव्हापासून चांगली प्रत येईल म्हणून दर महिन्याला जाऊन विचारतात. या महिन्यात नाही गेले. तू तिथे आहेस ना. लाजतात.”

“तू वाचलास दुसरा भाग?”

“डोकं खाली पाय वर करून वाचायला मला वेळ नाही बाबा,” ताई म्हणाली. “का? काय आहे त्यात?”

मी तिला बादली उचलू लागलो आणि निघालो.

२१ तारीख, शुक्रवार

काय आहे त्यात, ते इथे लिहितो. तुम्हीही विचारत होतातच.

चार वाजता नर्स बाहेर आली आणि मला म्हणाली, जा, वडलांना बोलावून आण, लवकर. मी जिन्यात बसून वाचत होतो. शेवटची चौदा पानं राहिली होती. खुनी कोण ते कळायचं होतं. मी ती वाचली. मग गेलो. दुकान दहा मिनिटांवर आहे.

दुसरा भाग म्हणजे एवढंच. सत्तावन्न पानांत हे एवढंच आहे, बाकी जिन्याचं वर्णन. बाबांना आजवर वाटतं की निरोपच उशिरा निघाला. पहिल्या भागातला आरोप सरळ छापलाय. दुसऱ्या भागातली कबुली उलटी. आणि मी मुलाखत देत होतो स्मृतीबद्दल.

आज एकही पुस्तक वाचलं नाही.

२४ तारीख, सोमवार

बाइंडरकडे गेलो. त्याने मान वर केली नाही.

“उसवून सरळ करून देता येईल म्हणाला होतात.”

“हात लावायचा नाही म्हणाला होतात.”

“लावा.”

त्याने सुरी घेतली. शिवण कापली, पानं सुटी केली, मागची सगळी फिरवून एकापुढे एक लावली. हात फार हलका आहे. मग एक पान बाजूला काढून माझ्यापुढे धरलं.

“हे अडतंय. एका बाजूला तुमचं एकसष्ट. त्याच्याच पाठीवर दुसऱ्या भागाचं शेवटचं. एकसष्ट सरळ लावलं की हे उलटं राहणार. एकाच कागदाच्या दोन बाजू, साहेब. त्याला माझ्याकडे इलाज नाही.”

“मग?”

“पाठीवर कोरा कागद डकवतो. ते शेवटचं पान तेवढं वेगळ्या कागदावर हाताने लिहून आणा, शेवटी जोडून देतो. अक्षर बरं आहे ना?”

माझं अक्षर वाईट आहे. तो म्हणाला, मोठं काढा.

२६ तारीख, बुधवार

शेवटच्या पानाची नक्कल करायला बसलो. छापलेलं वाचलं. ‘काळाच्या जिन्यावर प्रत्येक पायरी एक न वाचलेलं पान असते.’ अरे देवा. मधमाश्यांच्या माणसाने हे वाचलं असतं तर मला पेटीजवळ उभं केलं नसतं.

नक्कल केली नाही. मोठ्या अक्षरांत, ओळी आखून, हे लिहिलं:

‘नर्सने सांगितलं तेव्हा चार वाजले होते. चौदा पानं राहिली होती. ती मी वाचली. मग दुकानात आलो. तुम्ही लगेच उठलात. चप्पलही घातली नाहीत. कात्री खाली ठेवायलाही थांबला नाहीत. तशीच हातात धरून पळत आलात. मी मागे होतो. मला सगळं दिसत होतं.’

पाऊण पान कोरं राहिलं. राहू दे.

मग चिठ्ठी. एकशे नव्व्याण्णव झाली होती, ही दोनशेवी. काढा. मत: पहिला भाग सफाईने लिहिलाय आणि खोटा आहे. दुसरा खरा आहे, पण लेखकाने तो अशा जागी ठेवला की कोणाच्या हाती लागू नये. सभासद क्रमांक ८८ यांची तक्रार बरोबर आहे.

बाईंनी वाचली, शिक्का मारला. काढलेली पुस्तकं हवी त्याने न्यावीत, असा नियम आहे. “न्या,” म्हणाल्या. मग हळूच, “लेखक,” म्हणाल्या, आणि या वेळी त्यात चिमटा नव्हता. किंवा मला लागला नाही.

२७ तारीख, गुरुवार

दुकान बंद आहे. मी घराच्या बाहेरच्या पायरीवर बसून हे गुडघ्यावर लिहितोय. आत बाबा आहेत.

आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, गेलो. बाबा मशीनपाशी. पुस्तक समोर ठेवलं. बाइंडरने गडद निळा पुठ्ठा घातलाय, युनिफॉर्मच्या कापडाचा, कुठून मिळवला कोण जाणे.

“चांगली प्रत आलीय,” म्हटलं. “कार्ड ८८ची तक्रार होती.”

बाबा माझ्याकडे बघेनात. पुस्तकाकडे बघत राहिले. मग शिवण बघितली, अंगठ्याने दाबून. “हात चांगला आहे,” म्हणाले.

“हो.”

“सरळ आहे ना आता? पुढचं?”

“सरळ आहे. शेवटचं पान हाताने लिहिलंय. वाचता येईल.”

त्यांनी बरोबर एकसष्टवर उघडलं. दोऱ्यांचा गुंता बाइंडरने तसाच ठेवलाय. एक एक दोरा काढून त्यांनी मशीनच्या फळीवर सरळ रांगेत मांडला. मग पुस्तक पुन्हा जवळ घेऊन म्हणाले, “थांब. चष्मा बघतो.” आणि आत गेले.

मी बाहेर येऊन बसलो. सत्तावन्न पानं आहेत. दोन पानांना एक आठवडा धरला तर सहा महिने. पण आज त्यांचा चेहरा दोन पानांवर थांबणाऱ्याचा नव्हता.

आणि तुम्ही काही बोलू नका. ‘बसायला हवं होतंस’, ‘तोंडाने सांगायला हवं होतंस’, सगळं मला ठाऊक आहे. तुमची मतं चिठ्ठीवर लिहून द्या, तीन ओळींत. खाली वाचनालयात पुस्तकं लावायची आहेत, माणसं कमी आहेत.

आतून कप्पे उघडल्याचा, मिटल्याचा आवाज येतोय. बाबा अजून चष्मा शोधतायत. तो त्यांच्या कपाळावर आहे. मघाशीच बघितला. सांगायला आत गेलो तर थांबावं लागेल.

चप्पल घातली. निघालो.